दोन ‘मी’ आणि एक प्रश्न

ह. ना. आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ आणि भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ (१९६३) या दोन्ही कादंबऱ्यांना मराठीत मानाचे स्थान असले, तरी त्यांच्या वाचनाच्या रीती मात्र भिन्न राहिल्या आहेत. पहिली प्रामुख्याने सामाजिक दस्तऐवज म्हणून वाचली जाते, तर दुसरी रूपबंधातील व भाषेतील बंडखोरी म्हणून. या वाटणीमुळे आपट्यांचे निवेदनतंत्र आणि ‘कोसला’तील सामाजिक आशय, दोन्ही झाकोळले जातात.

वस्तुतः दोन्ही कृतींचे निवेदन प्रथमपुरुषी आहे. आपट्यांनी १८९० मध्ये सुरू केलेल्या ‘करमणूक’ साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झालेली ही कथा यमू स्वतः सांगते. पुरुष लेखकाने स्त्रीचा ‘मी’ योजणे ही केवळ सोय नव्हे. बालपणापासून वैधव्य व सक्तीच्या केशवपनापर्यंतची हकीगत सर्वज्ञ निवेदकाने सांगितली असती, तर तीत कीव आणि उपदेश सहज शिरले असते. यमू मात्र तपशील मांडते : सासरचा जाच, मैत्रीण दुर्गीची परवड, पतीने लावलेली वाचनाची गोडी. हे निवेदन पाल्हाळिक वाटू शकते. परंतु दुर्लक्षाची सवय जडलेल्या समाजाला थांबवून ऐकवण्याचा तोच मार्ग आहे. शीर्षकातील प्रश्न ऐकणारा वाचक कोठेतरी आहे, ही श्रद्धा त्यामागे उभी आहे.

पांडुरंग सांगवीकराच्या ‘मी’पाशी ही श्रद्धा उरलेली नाही. ‘उदाहरणार्थ’, ‘वगैरे’ अशा शब्दांनी तो आपल्याच विधानांतील ठामपणा काढून घेतो. पुण्यातील वसतिगृह, खानावळ, उधारी हे सारे तो तिरकसपणे सांगतो. मात्र धाकटी बहीण मनी हिच्या मृत्यूपाशी ही तिरकस भाषा तोकडी पडते. एका लहान मुलीचे जाणे कोणाच्या खिजगणतीत असते? आपट्यांच्या कादंबरीला ज्या प्रश्नाने नाव दिले, तोच प्रश्न येथे शब्दांत न मांडताही उभा राहतो. ‘कोसला’ला केवळ अस्तित्ववादी ठरवणाऱ्या वाचनातून नेमका हा दुवा निसटतो.

अर्थात, हे साम्य ताणता कामा नये. यमूच्या दुःखाला कारणे आहेत आणि ती दूर करता येण्याजोगी आहेत. म्हणूनच तिचे निवेदन साक्षीचे रूप घेते. पांडुरंगाला असे एक कारण सापडत नाही. पण शिक्षण अर्धवट टाकून परतण्यासाठी त्याला गाव आहे, घर आहे, वडिलांची मिळकत आहे. यमूला परतण्यासाठी स्वतःचे असे काहीच नाही. सारेच निरर्थक म्हणण्याची सवड कोणाला मिळते, हा प्रश्न ‘कोसला’च्या थोरवीला बाध आणत नाही, मात्र तो विचारल्याशिवाय तिचे मूल्यमापन पूर्ण होत नाही. आणि तो विचारायला शिकवते ती आधीची, ‘जुनी’ मानली गेलेली कादंबरी. परंपरा ही अशी उलट दिशेनेही वाचावी लागते.