स्टील गिटारवर पहिलं गाणं कोणतं?

स्टील गिटार शिकायला घेतली की जगभर एकच गाणं सुचवलं जातं: सँटो अँड जॉनी या भावांचं १९५९ सालचं 'स्लीप वॉक'. मीही तिथूनच सुरुवात केली. परभणीतल्या घरी, ऑफिसचे कॉल संपले की मांडीवर आडवी साधी गिटार, तारा उंच करणारी पट्टी आणि हातात स्टीलची कांब. दहा तारांची, पायातल्या पेडलांनी आणि गुडघ्याच्या दांड्यांनी सूर बदलणारी पेडल स्टील मी फक्त व्हिडिओत पाहिली आहे. पण पहिली शिस्त दोन्हीकडे तीच. कांब पडद्याच्या रेषेवर बरोबर हवी. जराशी मागेपुढे झाली की सूर गेला.

दोन महिन्यांनी आईला 'शुक्रतारा' वाजवून दाखवलं. ती म्हणाली, "चाल कळली रे, पण गाणं कुठंय?"

मला राग आला. मग रेकॉर्डिंग ऐकलं. प्रत्येक दोन सुरांमध्ये मी कांब घसरवत होतो आणि प्रत्येक सूर थरथरवत होतो. व्हॅन शिपली, सुनील गांगुली यांच्या जुन्या रेकॉर्डमध्ये ती गोडी शोभते, कारण त्यांचा सूर आधी पक्का आहे. माझी थरथर मात्र चूक झाकण्यासाठी होती. आमच्या कामात चूक झाली की स्क्रीनवर लाल ओळ येते. इथे तसं कुणी सांगत नाही.

म्हणून नवशिक्यांसाठीच्या याद्यांशी माझं भांडण आहे. त्या कॉर्ड किती कमी, हे बघून गाणी निवडतात. स्टीलसाठी प्रश्न वेगळा हवा: गायक कुठे घसरतो आणि कुठे घसरत नाही?

माझ्या यादीत पहिली येते जात्यावरची ओवी. आजी गंगाखेडकडची, जनाबाईच्या गावची. तिच्या ओवीची चाल चार-पाच सुरांतच फिरायची. एकाच तारेवर वाजते, कॉर्डचा प्रश्नच नाही. घरात कुणाला येत नसेल, तर गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर यांनी जमवलेल्या लाखाहून जास्त ओव्यांचा संग्रह आहे. त्यातलं बरंच आता 'पारी'च्या साइटवर फोनवर ऐकता येतं. त्यात परभणी जिल्ह्यातल्या बायकाही आहेत. मी ओवी वाजवली तेव्हा स्वयंपाकघरातून आईने पुढची ओळ म्हटली.

दुसरं, 'ऐरणीच्या देवा तुला'. 'साधी माणसं' (१९६५), गीत जगदीश खेबुडकरांचं, आवाज लताबाईंचा आणि 'आनंदघन' या नावाने संगीतही त्यांचंच. लोहाराच्या घरचं गाणं आहे, त्यामुळे ठेका सोडून चालत नाही. इथे उजवा हात शिकतो: कोणत्या अक्षरावर तार नव्याने छेडायची आणि तळव्याने ती कधी दाबून बंद करायची. स्टीलवर सूर सुरू करण्याइतकंच तो थांबवणंही महत्त्वाचं असतं.

'शुक्रतारा' तिसरं. मंगेश पाडगावकरांचे शब्द, श्रीनिवास खळ्यांची चाल, अरुण दाते आणि सुधा मल्होत्रा यांचे आवाज. संथ आहे म्हणून ते सोपं वाटतं, आणि मी तिथेच फसलो. संथ गाण्यात चुकीचा सूर लपत नाही. दोघांच्या ओळी वेगवेगळ्या तारांवर वाजवा, थरथर पूर्ण बंद ठेवून.

हृदयनाथ मंगेशकरांचं 'मालवून टाक दीप' शेवटी ठेवा. सुरेश भटांची ही गझल लताबाई गातात तेव्हा वाटतं, हे स्टीलसाठीच केलंय. म्हणूनच ते सुरुवातीला नको. मींडीचा मोह इतका, की माणूस सगळीच वाट घसरत जातो. कांबेने गायकी अंगाने वाजवता येतं, हे ब्रिजभूषण काब्रांनी 'कॉल ऑफ द व्हॅली'मध्ये (१९६७) दाखवलंच आहे. पण त्यामागे अली अकबर खाँसाहेबांची तालीम होती. आपल्याकडे बहुतेकदा फक्त हेडफोन असतो.

तेव्हा आधी गाणं स्वतः गाऊन बघा, बेसूर का होईना. तोंडात शब्द असले की हात आपोआप कमी घसरतो. गेल्या आठवड्यात आईला पुन्हा 'शुक्रतारा' ऐकवलं. ती म्हणाली, "दात्यांचं बरं झालंय. तिचं अजून नाही."