डिचोलीच्या कल्पित युद्धाची साक्ष

महाजालावरील माहिती इतिहासलेखनांत आधार म्हणून स्वीकारावी कीं नाहीं, या प्रश्नाचा निकाल करण्यास उपयोगी पडेल असें एक प्रकरण आपल्याच इतिहासाशीं निगडित आहे.

इंग्रजी विकिपीडियावर २००७ च्या जुलैंत 'डिचोलीचा संघर्ष' या विषयावर एक विस्तृत लेख आला. १६४०-४१ सालीं गोव्याचे पोर्तुगीज व मराठी साम्राज्य यांच्यांत युद्ध होऊन अखेर तह झाला, असें त्यांत प्रतिपादन होतें. त्याच सप्टेंबरांत त्यास तेथील 'उत्तम लेखा'चा दर्जा मिळाला. २०१२ च्या अखेरीस एकानें तळटीपांतील ग्रंथांचा शोध घेतला, तेव्हां प्रमुख ग्रंथांचा ठावठिकाणाच लागेना. युद्ध बनावट ठरून लेख काढून टाकण्यांत आला. पांच वर्षें तें युद्ध निर्वेध चाललें!

वस्तुतः ग्रंथ धुंडाळण्याचेंहि कारण नव्हतें. १६३० ची जन्मतिथि धरल्यास शिवाजीमहाराज १६४० सालीं दहा वर्षांचे होते; जुनी १६२७ ची धरली तरी तेरा वर्षांचे. शहाजीराजे १६३६ पासून आदिलशाहीच्या चाकरींत होते व डिचोली आदिलशाही मुलुखांत मोडत होती. मग पोर्तुगीजांशीं लढणारें हें मराठी साम्राज्य कोणतें? परीक्षकांनीं टीपा आहेत एवढें पाहिलें. टीपा उघडून पाहिल्या नाहींत, कीं मजकूर काळाशीं ताडून पाहिला नाहीं.

तथापि याचा सर्व दोष महाजालावर लादणें न्याय्य होणार नाहीं. बनावट सनदा व वंशावळी त्यापूर्वींहि होत्या. उलट त्या स्थळावर प्रत्येक फेरफाराची तारीख नोंदलेली असते. ही सोय कोणत्याहि बखरींत नाहीं. अस्सल कागदांचीं छायाचित्रें जेथें पाहावयास मिळतात, तीं स्थळें तर संशोधकास उपकारकच होत. धोका आहे तो पुनरुक्तीचा. एकच मजकूर दहा स्थळांवर आढळला म्हणजे दहा साक्षीदार झाले असें नव्हे; एका बखरीच्या दहा नकला सांपडल्यानें ती बखर समकालीन ठरत नाहीं.

सारांश, विधान कोणीं केलें, केव्हां केलें व कोणत्या कागदावरून केलें, या तीन प्रश्नांचीं उत्तरें जेथें मिळतील व तपासतां येतील, तेथील माहिती आम्ही आधार मानूं. जेथें तीं मिळत नाहींत, तेथील मजकूर शोधाची दिशा दाखवील. पुरावा म्हणून तो पुढें करतां येणार नाहीं.