उठायचं कोणी?

आनंद तेलतुंबडेंचं ‘खैरलांजी’ हे इंग्रजी पुस्तक (२००८) परतवाड्याला सुट्टीत वाचलं. सुरेखा भोतमांगेंनी एका मारहाणीत साक्ष दिली. आरोपी २९ सप्टेंबर २००६ला जामिनावर सुटले आणि त्याच संध्याकाळी त्या, प्रियंका, सुधीर, रोशन मारले गेले. धोका दिसत होता. आमच्याकडे सर्व्हर पडला तर रात्री दोनला कोणी उठायचं, ते नावानिशी ठरलेलं असतं. भारतानं वंशसंहारविरोधी करार १९५९ला स्वीकारला, त्यासाठी कायदा अजून नाही. अ‍ॅट्रॉसिटी कायदा १९८९पासून आहे, पण भंडाऱ्याच्या कोर्टात तो टिकलाच नाही. तेलतुंबडे पोलीस, डॉक्टर, वकील एकेकाला तपासतात. तिथं पुस्तक जबर आहे. जागतिकीकरणाची चर्चा मात्र मला लांबली वाटली. त्यापेक्षा आंधळगाव ठाण्यातला तो सप्टेंबर दिवसागणिक हवा होता.