भाषेचा भाव : जपानी खेळयंत्रांच्या दुहेरी किमतींविषयी

जपानमधील निन्टेन्डो कंपनीने ५ जून २०२५ रोजी 'स्विच २' हे आपले नवे व्हिडिओ गेमचे यंत्र विक्रीस आणले, तेव्हा त्या देशात एकाच यंत्राच्या दोन किमती होत्या. ज्या यंत्रावर केवळ जपानी भाषा उमटते ते ४९,९८० येनांस. ज्यावर अनेक भाषांतून हवी ती निवडता येते ते ६९,९८० येनांस. आतील चकती, पडदा, घडण यांत भेद नाही. २०,००० येनांचा हा फरक भाषेच्या निवडीचा होता. व्हिडिओ गेमच्या छंदातील महागाईविषयी आजवर पुष्कळ बोलले गेले आहे. तथापि त्या महागाईचा भार भाषेच्या खांद्यावर असा उघडपणे टाकला गेल्याचे हे उदाहरण अभ्यासकाने दुर्लक्षू नये असे आहे.

प्रथम नावांचा विचार करू. स्वस्त यंत्राचे अधिकृत नाव 'निहोंगो-कोकुनाई सेन्यो' असे आहे. 'निहोंगो' म्हणजे जपानी भाषा, 'कोकुनाई' म्हणजे देशांतर्गत, 'सेन्यो' म्हणजे केवळ त्याच उपयोगासाठी राखलेले. मूळ लिपीत पहिल्या दोन शब्दांच्या मध्ये एक ठिपका आहे. जपानी लेखनात असा ठिपका समान दर्जाची पदे जोडण्यासाठी येतो. म्हणजे भाषा आणि देश ह्या दोन भिन्न गोष्टी ह्या नावाने एका पंक्तीस बसविल्या. महाग यंत्राचे नाव 'तागेंगो ताइओ', म्हणजे 'अनेक भाषांस अनुकूल'. त्यात देशाचा उल्लेखच नाही.

भाषाशास्त्रात जोडीतील एक पद सामान्य व दुसरे विशेष मानण्याची पद्धत आहे. 'तो चार दिवस राहिला' असे मराठीत म्हणतात, तेव्हा त्या दिवसांत रात्रीही मोडतात. 'दिवस' हे तेथे सामान्य पद, 'रात्र' हे विशेष. एखाद्या देशात त्या देशाची भाषा हे सामान्य पद असावे अशी कोणाचीही अपेक्षा असणार. येथे मात्र जपानातच जपानी भाषा विशेष ठरली आहे. किमतींचे गणित मांडले की हे अधिक स्पष्ट होते. जपानी किमतींत दहा टक्के उपभोगकर समाविष्ट असतो, अमेरिकेतील जाहीर किमतीत विक्रीकर नसतो. कर वजा केल्यास महाग यंत्र ६३,६१८ येनांचे होते. डॉलरला १४५ येन हा त्या महिन्यातील सुमारे दर धरला, तर ही रक्कम ४३९ डॉलर भरते. अमेरिकेतील किंमत ४४९.९९ डॉलर होती. म्हणजे 'अनेक भाषांचे' यंत्र ही महाग आवृत्ती नव्हेच. ती जगाची तेव्हाची सर्वसाधारण किंमत होती. जपानी भाषेचे यंत्र करविरहित सुमारे ३१३ डॉलरांस पडत होते. तेव्हा वीस हजार येन जास्तीच्या भाषांबद्दल घेतले जात नव्हते, तर त्या भाषांचा त्याग करणाऱ्यास तेवढी सूट दिली जात होती, असे म्हणणे अधिक यथार्थ होईल. त्या भाषांतील अनुवादाचा खर्च जगाच्या बाजारासाठी आधीच झालेला असतो. त्या काढून ठेवल्याने यंत्र घडविणे स्वस्त होत नाही.

ही सूट देण्याची वेळ का आली, हे समजण्यास महागाईच्या वादाकडे वळावे लागते. ह्या वादात एक युक्तिवाद फार वेळा ऐकू येतो : २००५ साली अमेरिकेत नव्या गेमची किंमत ६० डॉलर झाली, चलनवाढ हिशेबात घेता तेच ६० डॉलर २०२५ मध्ये शंभराच्या थोडेच खाली भरतात, सबब 'मारिओ कार्ट वर्ल्ड'चे ८० डॉलर ही वस्तुतः स्वस्ताई होय. अंकगणित बिनचूक आहे. परंतु ते अमेरिकेचे अंकगणित आहे, आणि ते सर्व देशांस लावले जाते, हा त्यातील दोष.

जपानचा इतिहास निराळा आहे. १९९४ साली 'फायनल फँटसी ६' व १९९५ साली 'क्रोनो ट्रिगर' हे गेम तेथे ११,४०० येनांस विकले गेले. ते ज्यातून येत त्या डबीस महाराष्ट्रातील मुले 'कॅसेट' म्हणत. तीत फीत नव्हती, अर्धवाहकाची चकती होती. शब्द मात्र चिकटला तो चिकटलाच. गेम जितका मोठा तितकी चकती मोठी, आणि तितकी किंमत अधिक. १९९७ मध्ये 'फायनल फँटसी ७' तबकडीवर आला आणि किंमत ६,८०० येनांवर उतरली. 'मारिओ कार्ट वर्ल्ड' २०२५ मध्ये जपानात डबीसह ९,९८० येनांस मिळत होता. तीस वर्षांपूर्वीच्या आकड्याहून हा आकडाच लहान आहे, चलनवाढीचा हिशेब करण्याचीही गरज नाही. तेव्हा गेम 'पूर्वी कधी नव्हते इतके' महाग झाले ही तक्रार, निदान जपानपुरती, टिकत नाही.

पण महागाईचे मर्म गेममध्ये नाही, यंत्रात आहे. पूर्वी यंत्र जुने होई तसे स्वस्त होई. सोनीचा 'प्लेस्टेशन २' अमेरिकेत २००० साली २९९ डॉलरांस आला आणि २००९ मध्ये ९९ डॉलरांवर आला. गरीब घरातील मूल थोडे थांबले की यंत्र त्याच्या आवाक्यात येत असे. ह्या छंदाचा प्रसार बराचसा ह्या थांबण्यावर झालेला आहे. २०२२ पासून हा नियम उलटला. 'प्लेस्टेशन ५'ची तबकडीविरहित आवृत्ती जपानात २०२० साली करासह ४३,९७८ येनांची होती. सप्टेंबर २०२४ मध्ये ती ७२,९८० येनांवर गेली. निन्टेन्डोच्या जुन्या 'स्विच'ची किंमत २५ मे २०२५ रोजी ३२,९७८ वरून ४३,९८० येन झाली, आणि ते यंत्र तेव्हा आठ वर्षांचे होते. दोन दशके ज्या देशातील भाव व पगार दोन्ही जवळजवळ स्थिर राहिले, तेथे ही वाढ किती बोचली असेल हे सांगावयास नको. मराठीत 'किंमत' निराळी, 'भाव' निराळा आणि 'परवडणे' आणखी निराळे. चलनवाढीचा तक्ता पहिल्या दोहोंविषयी बोलतो, तिसऱ्याविषयी मौन धरतो.

येनाचे मूल्य घसरलेले असता जपानी ग्राहकास परवडेल असा दर ठेवला, तर परदेशी व्यापारी तीच यंत्रे घाऊक उचलून बाहेर नेणार, ही भीती अनाठायी नव्हती. म्हणून कुंपण हवे होते. दुहेरी किमती भारतीय वाचकास अपरिचित नाहीत. वेरूळच्या लेण्यांत परदेशी प्रवाशास अधिक प्रवेशशुल्क पडते. तेथे कसोटी नागरिकत्वाची असते, कागद दाखविला की प्रश्न मिटतो. दुकानातील यंत्रास कागद तपासता येत नाही. स्वस्त यंत्रास 'जपान' हा प्रदेश नोंदविलेले खातेच जोडता येते हे खरे, परंतु खात्यावरील प्रदेश बदलता येतो. भाषा अशी बदलता येत नाही, कारण ती येत असल्याचा बहाणा करता येत नाही. खाते ही कडी आणि भाषा ही कुलूप, अशी ही योजना आहे. चतुर आहे, आणि जपानी ग्राहकाच्या दृष्टीने उदारही आहे, हे मान्य केले पाहिजे.

मात्र कुलूप ज्याच्यासाठी घातले त्याच्याच तोंडावर बसते असे नाही. २०२४ च्या अखेरीस जपानात सुमारे ३७ लाख ६८ हजार परदेशी रहिवासी होते. ते तेथेच कमावतात, येनांतच कमावतात, उपभोगकर भरतात. तोक्योच्या एदोगावा विभागातील निशि-कासाई भागात भारतीय कुटुंबांची मोठी वस्ती आहे, तीत मराठी कुटुंबेही आहेत. अशा घरात जपानी शाळेत शिकणारे मूल स्वस्त यंत्र सहज चालवील. पण यंत्रावरील सूचना वाचून मुलावर देखरेख ठेवणाऱ्या आईवडिलांनी ती चित्रलिपी कशी उलगडावी? त्यांना २०२५ मध्ये वीस हजार येन अधिक मोजावे लागले, आणि तेही कंपनीच्या स्वतःच्या ऑनलाइन दुकानातच, कारण विक्रीच्या आरंभी अनेकभाषी यंत्र जपानात अन्यत्र विकले जात नव्हते. उलट, नागपुरात वा पुण्यात बसून जपानी उत्तम शिकलेल्या विद्यार्थ्यास त्या ज्ञानाचा येथे काडीचाही लाभ नाही. त्याने स्वस्त यंत्र मिळविले तरी आपले भारतीय खाते त्यास जोडता येणार नाही. नावातील तो ठिपका ह्या दोघांनाही बाहेर ठेवतो. भाषा आणि देश यांची सांगड जेथे जमत नाही, नेमका तेथेच तो उभा आहे.

'अनेक भाषा' ह्या पदाविषयीही एक गोष्ट नोंदवावी लागते. त्या यादीत युरोपातील भाषा आहेत, चिनी व कोरियन आहेत. मराठी नाही, हिंदीही नाही. निशि-कासाईतील ते मराठी कुटुंब अधिक पैसे देऊन इंग्रजी विकत घेते, आपली भाषा नव्हे.

निन्टेन्डोचा हा प्रयोग एकाकी राहिला नाही. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी सोनीने 'प्लेस्टेशन ५'ची केवळ जपानी भाषेची आवृत्ती ५५,००० येनांस आणली. त्या वेळी त्याच तबकडीविरहित यंत्राची सर्वसाधारण आवृत्ती ७२,९८० येनांस होती. हिच्या नावात 'निहोंगो सेन्यो' एवढेच आहे. 'कोकुनाई' हा शब्द गळाला आहे, आणि त्याबरोबर तो ठिपकाही. जपानी खात्याची अट मात्र तशीच राहिली.