शेवटचा देठ तोडणारे हात

रेट्रोव्हायरसवरच्या संशोधनात गेल्या तीन दशकांतले सर्वांत देखणे काम, माझ्या मते, विषाणू पेशीबाहेर कसा पडतो यावर झाले आहे. एचआयव्हीची बांधणी मुख्यतः गॅग या एकाच प्रथिनावर उभी आहे. पेशीत फक्त गॅग तयार करवले तरी विषाणूसारखे कण बाहेर पडू लागतात. गॅगच्या एका टोकाला जोडलेले मिरिस्टिक आम्ल पेशीपटलात रुतते, मधला भाग शेजारच्या गॅगला धरतो, त्यापुढचा विषाणूच्या आरएनएच्या दोन प्रती पकडून ठेवतो. असे दोन हजारांहून अधिक रेणू जमतात, तसतसा पटलाला बाहेरच्या बाजूला फुगवटा येतो.

खरी गंमत तो फुगवटा सुटण्यात आहे. १९९१ मध्ये दिसले की गॅगचे शेवटचे टोक, म्हणजे पी६, बिघडवले तर कण घडतात, पण बारीक देठाने पेशीलाच लटकून राहतात. देठ तोडायचे हत्यार विषाणूजवळ नव्हतेच, तो ते पेशीकडून उसने घेत होता. कोणाकडून, हे उमगायला दहा वर्षे गेली, आणि उत्तर यीस्टमधून आले. नको असलेली प्रथिने पेशी निकालात कशी काढते हे शोधताना स्कॉट एम्र यांच्या गटाला एस्कॉर्ट ही प्रथिनांची साखळी सापडली. २००१ मध्ये युटा विद्यापीठातल्या वेस्ली संडक्विस्ट यांच्या प्रयोगशाळेने दाखवून दिले की पी६ मधली प्रोलिन, थ्रिओनिन, ॲलनिन, प्रोलिन ही चार अमिनो आम्ले याच साखळीतल्या टीएसजी१०१ ला पकडतात. पेशीविभाजनाच्या शेवटी दोन पेशी विलग करण्याचे कामही हीच साखळी करते. एड्सचे कोडे यीस्टच्या कचऱ्यापाशी सुटावे, हे मूलभूत संशोधनाला पैसे नाकारणाऱ्या प्रत्येकाला ऐकवावेसे वाटते.

२००८ पासून जिवंत पेशीवर एकेक कण काही मिनिटांत घडताना सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येऊ लागला. तरी त्या अरुंद मानेला आतून नेमका ताण कसा बसतो, यावर अजून एकमत नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. हे चित्र बहुतांशी एचआयव्हीच्या बी या उपप्रकारावर, प्रयोगशाळेत सरावलेल्या पेशींमध्ये रेखाटले गेले. भारतात आणि दक्षिण आफ्रिकेत मात्र सी उपप्रकाराचे वर्चस्व आहे. याची किंमत बेविरिमॅटने मोजली. सुटलेल्या कणातला गॅग एका ठिकाणी कापला जाऊ नये, म्हणजे कण अपक्व राहावा, यासाठी हे औषध होते. पण त्याच जागेजवळचे नैसर्गिक फरक त्याला दाद देईनात, आणि असे फरक बीबाहेरच्या उपप्रकारांत जास्त आढळतात. उलट कॅप्सिडला, म्हणजे गॅगच्याच मधल्या भागातून बनणाऱ्या कवचाला, धरणाऱ्या लेनाकापाविर या औषधाच्या २०२४ च्या चाचणीत दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या, हे औषध मिळालेल्या २,१३४ स्त्रियांपैकी एकीलाही संसर्ग झाला नाही. तेव्हा अडचण गॅगला लक्ष्य करण्याच्या कल्पनेत नाही, नेमकी कोणती जागा निवडली यात आहे.

म्हणून बेंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू केंद्रातल्या उदयकुमार रंगा यांच्या गटाचे काम मला फार महत्त्वाचे वाटते. सी उपप्रकारातल्या काही विषाणूंमध्ये टीएसजी१०१ ला पकडणारा तो चार आम्लांचा तुकडा दोनदा येतो, आणि अशा विषाणूची वाढ सरस होते, हे त्यांनी दाखवले. देठ तोडण्यासाठी पेशीच्या यंत्रणेवर दुहेरी पकड ठेवणारा हा विषाणू आपल्या रुग्णांच्या रक्तात आहे. जिवंत पेशीवर त्याचे सुटणे मिनिटागणिक मोजायचे काम आपल्या प्रयोगशाळांनी आता हाती घ्यावे.