‘सर्व नकाशे’ म्हणजे नेमके कोणते?

मंडळी, एक वाक्य वाचतो. “कामाशी संबंधित सर्व नकाशे व आवश्यक कागदपत्रे कंत्राटदाराने सादर करावीत.” हे कुठल्या एका टेंडरमधून उचललेलं नाही. पण ज्यांनी टेंडर भरलंय त्यांना ते ओळखीचं वाटेल, कारण अशाच धाटणीचं काहीतरी प्रत्येक करारात असतं. आज मी या वाक्यावर टीका करणार आहे. व्याकरणाच्या दृष्टीने त्यात चूक नाही. त्यातल्या एकाही नामाला ठरलेला अर्थ नाही, ही माझी तक्रार आहे.

‘नकाशा’ घ्या. आपल्याकडे गावाचा नकाशा असतो, तो भूमी अभिलेखाचा. घर बांधायला परवानगीला लावतो तोही नकाशाच. आणि साइटवर? निविदेसोबत मिळतो तो एक. नंतर ‘गुड फॉर कन्स्ट्रक्शन’चा शिक्का मारून येतो तो दुसरा, काम त्याच्यावर करायचं असतं. सळई कापण्या-वाकवण्यासाठी गुत्तेदाराचा माणूस तक्ता करतो, तो तिसरा. आणि काम झाल्यावर प्रत्यक्षात काय, कुठे, किती खोल बसलं हे दाखवणारा चौथा, ज्याला आपण सगळेच ‘ॲज बिल्ट’ म्हणतो. चारही कागद वेगळे. ते करणारी माणसं वेगळी, वेळ वेगळी, खर्चही वेगळा. करार मात्र चौघांना एकाच नावाने हाक मारतो.

आता यात कुणाचं काय अडतं? गावच्या नळयोजनेचं उदाहरण समजा. टाकी झाली, पाइप पुरले, नळ आले. गुत्तेदाराने निविदेतलाच नकाशा पुन्हा छापून दिला आणि म्हणाला, सर्व नकाशे दिले. शब्दाला धरून तो खोटं बोलत नाही. पण मध्ये खडक लागला म्हणून पाइप रस्त्याच्या दुसऱ्या बाजूने नेलेला असतो, आणि ते त्या कागदावर नसतं. दोष दायित्वाचा काळ संपतो, मग एका उन्हाळ्यात गळती लागते. व्हॉल्व्ह कुठे आहे हे शोधायला ग्रामपंचायत आख्खी गल्ली उकरते. उलट बाजूही बघा. एखादा प्रामाणिक गुत्तेदार मोजून नकाशा देतो आणि कार्यालय म्हणतं, अजून ‘आवश्यक कागदपत्रे’ बाकी आहेत. कोणती, ते सांगत नाही. अंतिम बिल अडकतं, सुरक्षा ठेव अडकते. ज्याच्या हातात पैसे, त्याच्या हातात त्या शब्दाचा अर्थ.

कायदा काय म्हणतो? भारतीय करार अधिनियम 1872, कलम 29. ज्या कराराचा अर्थ निश्चित नाही आणि निश्चित करताही येत नाही, तो रद्दबातल. त्याच कलमाखाली तेलाचं उदाहरण आहे. शंभर टन तेल विकायचं ठरलं, कोणतं ते कशावरूनच कळत नसेल तर करार टिकत नाही. पण विकणारा फक्त खोबरेलाचाच व्यापारी असेल तर अर्थ लागतो, करार टिकतो. म्हणजे धंद्यावरून अर्थ काढायला जागा आहे. जुन्या पुरावा अधिनियमाच्या कलम 98 मध्ये तांत्रिक आणि स्थानिक शब्दांचा अर्थ पुराव्याने दाखवायची सोय होती. (तो कायदा आता गेला, 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियम आला.) पण हे सगळं वाद कोर्टात किंवा लवादापुढे गेल्यावर. साडेतीन लाखांच्या ठेवीसाठी कळमनुरीचा छोटा गुत्तेदार तिथवर जाईल का? तुम्हीच सांगा.

आता मला जो मुद्दा सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो. इंग्रजी करारात पहिल्याच कलमात व्याख्या असतात, आणि व्याख्या केलेला शब्द पुढे सगळीकडे मोठ्या अक्षराने सुरू होतो. वाचणाऱ्याला तिथेच खूण मिळते, हा साधा ‘ड्रॉइंग’ नाही, व्याख्येतला आहे. आपल्या देवनागरीला मोठी-छोटी अक्षरं नाहीत! अशा कराराचं मराठी करताना ती खूण गळून पडते. अनुवाद शब्दाला शब्द बरोबर असतो, तरी करार बदललेला असतो. यावर ‘विनिर्देश’, ‘अभिलेख’ असे भारदस्त शब्द पेरणं हा उपाय नाही. भाषा संचालनालयाच्या परिभाषा कोशांबद्दल मला आदर आहे, पण विनिर्देश म्हणजे स्पेसिफिकेशन हे मिस्त्रीला कुणी सांगितलंय? व्याख्येतला शब्द ठळक छापा, नाहीतर दरवेळी अवतरणात टाका. आणि शब्द असा घ्या की खड्ड्यात उभ्या माणसाला कळेल. ‘झालेल्या कामाचा नकाशा’ म्हणा. तीन शब्द आहेत, असू देत.

बाहेर काय करतात? फिडिकच्या 1999 च्या पिवळ्या पुस्तकात, म्हणजे संकल्पन आणि बांधणी एकाच कंत्राटदाराकडे असते त्या नमुना करारात, झालेल्या कामाचे नकाशे अभियंत्याला मिळेपर्यंत ताब्यात देण्यासाठी काम पूर्ण धरलं जात नाही. चांगली तरतूद आहे. पण ती मोठ्या कामाची, आणि उचलून चिकटवली की चाळीस पानं व्याख्या होतात ज्या कुणीच वाचत नाही.

मला दुसरं उदाहरण जास्त पटतं, आणि त्याचा आपल्याच जिल्ह्याशी संबंध आहे. औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया होतेय, चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांची. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल 2023 मध्ये 2,600 कोटींना मंजुरी दिली. अमेरिकेतल्या मूळ लायगोत कागदाला क्रमांक असतो. त्यातलं अक्षर सांगतं कागद कोणत्या जातीचा, डी असेल तर ड्रॉइंग, टी असेल तर तांत्रिक टिपण, आणि शेवटी व्ही1, व्ही2 अशी आवृत्ती. तिथे ‘सर्व’ आणि ‘आवश्यक’ म्हणायची गरजच उरत नाही, क्रमांक सांगितला की संपलं.

एका श्रोत्यांची चिठ्ठी आहे. “दहा लाखांच्या कामाला एवढं कशाला?” अहो, एवढं नाहीच. करारामागे एक पान जोडा. कागदाचं नाव, क्रमांक, आवृत्ती, पीडीएफ की डीडब्ल्यूजी, किती प्रती, कोणत्या तारखेपर्यंत, कुणाची सही. पानावर जे नाही ते मागायचं नाही, आणि मागायचंच असेल तर लेखी मागून पैसे द्यायचे. तपासून नाकारायचं असेल तर किती दिवसांत, तेही तिथेच लिहा.

आणि ‘झालेल्या कामाचा नकाशा’ परिमाणपत्रकात स्वतंत्र बाब म्हणून घ्या, स्वतःच्या दरासह. आज तो फुकटात मागितला जातो, म्हणून फुकटातला मिळतो. दरात दोन माणसांची मोजणीची मजुरी धरा, कारण पाइप उघडा असतानाच मोजावा लागतो. माती लोटल्यावर ते माप कुणालाच देता येत नाही.