कोसंबीचा कलह : एक अर्धवट वाचन

विहार-समितीत तंटा झाला की कोसंबीची कथा हटकून सांगितली जाते. भिक्खू ऐकेनात, तेव्हा तथागत पारिलेय्यक वनात गेले. प्रवचनकार येथेच थांबतो आणि गोखिवऱ्यासारख्या वस्तीतला निराश उपासक घरी बसतो. महावग्गाचा दहावा खंधक मात्र पुढे जातो. कोसंबीच्या उपासकांनी, एकेकट्याने नव्हे, सर्वांनी मिळून वंदन व भिक्षा थांबविली. भिक्खूंना सावत्थी गाठावी लागली. तेथे अनाथपिंडिकाला मिळालेला उपदेश आम्हांस या प्रकरणाचे मर्म वाटतो : दान दोन्ही पक्षांना द्यावे, धम्म दोघांचाही ऐकावा, मत मात्र धम्मवाद्यांचे स्वीकारावे. निवाड्याचा हा अधिकार घरी बसणारा गमावतो. अखेर कारवाई झालेल्या भिक्खूनेच आपला दोष मान्य केला. अट्ठकथेनुसार वाद होता शौचकूपातील भांड्यात उरलेल्या पाण्याचा!